टॉवेलवाल्यांची पोरगी आणि आजोबांची मान

दोन महिने इथं काही लिहिलं नाही कारण हाताला सतत माती असते आणि मातीच्या हाताने मोबाईल धरला की स्पीकरच्या जाळीत शाडू जाऊन बसतो, एक फोन असाच गेलाय माझा. आज हात कोरडे आहेत कारण काम थांबलंय. का थांबलंय तेच सांगायला बसलेय, लांबेल थोडं, चहा घेऊन या.

तर आजोबांचा अर्धपुतळा करतेय. छातीपर्यंतचा, दीडपट साईझ, आधी मातीत मग ब्राँझमधे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्याच्या गेटच्या आत, जिथं आत्ता तुळशीवृंदावन आणि वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची आहे तिथं बसवायचाय. घरच्यांनी मला दिलेलं हे पहिलं काम. दिलेलं म्हणजे काय, काका म्हणाले "बाहेरच्याला कशाला पैसे द्यायचे, घरात आहे की आपल्या एक". चार वर्षं डिग्री, नंतरची सहा वर्षं शेडमधे धूळ खाणं, आणि माझी क्वालिफिकेशन काय तर घरात आहे.

आधीच सांगून टाकते, आम्ही पैसेवाले आहोत. होटगी रोडला बंगला आहे, गाड्या आहेत, मला भाड्याची किंवा हप्त्याची चिंता कधी करावी लागली नाही. आजोबांनी पूर्व भागात भाड्याच्या पत्र्याच्या शेडमधे चार मागांवर सुरुवात केली, तेव्हा स्वतः माग चालवायचे, स्वतः सुताच्या कांड्या भरायचे. मग चाराचे बारा झाले, मग एमआयडीसीत जागा घेतली. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते पण आम्ही टॉवेलवाले, पप्पांनी तो माल बाहेरच्या देशात पाठवायला सुरुवात केली आणि मग घरात खरा पैसा आला. हे सगळं माझ्या जन्माच्या आधीचं किंवा आसपासचं, म्हणजे मला आयतंच मिळालंय. शिल्पकलेत आयतं मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे हे मला मुंबईला गेल्यावर कळलं. चित्र काढायला कागद लागतो हो, आमच्याकडे जागा लागते, लोखंड लागतं, प्लास्टरच्या गोण्या लागतात, आणि ब्राँझचं नाव काढलं की आधी तांब्याचा भाव बघावा लागतो. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला, जिथं मी शिकले, माझ्या वर्गातला एक मुलगा रात्री गणपतीच्या कारखान्यात फिनिशिंगला जायचा आणि सकाळी लाईफ क्लासला, म्हणजे समोर माणूस बसवून काम करायच्या तासाला, उभ्या उभ्या झोपायचा. हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला त्याचा. आता तो सिनेमाच्या सेटवर थर्माकोलचे खांब कोरतो. मला एकदा म्हणाला होता, तुझं फसलं तरी मागे कारखाना आहे, माझं फसलं तर मागे गाव आहे. यावर काय बोलणार, काहीच बोलले नाही.

या नादाला लागले कशी तर शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षा सगळेच देतात तशी मीपण दिली, स्थिरचित्रात फार काही उजेड पडला नाही. पण आमच्या ड्रायव्हर काकांच्या ओळखीचे एक मूर्तीकार पूर्व भागात होते, गणपतीच्या आधी त्यांच्या मांडवात काकांना निरोप द्यायला जायचं होतं आणि मी गाडीतून उतरले ती तासभर बाहेरच आले नाही. ते गणपतीचे डोळे करत नव्हते बरं का, ते बघायला तर सगळेच उभारतात, ते सोंडेच्या खालचा भाग करत होते जो नंतर कुणालाच दिसत नाही. ओल्या ब्रशने एकच जागा परत परत. मी विचारलं हे कुणाला दिसणार, तर म्हणाले पाणी मारताना दिसतं की मला. त्यानंतर तीन वर्षं प्रत्येक पावसाळ्यात मी तिथं. मम्मीला वाटायचं क्लासला जातेय, म्हणजे क्लासलाच जात होते तसं बघितलं तर.

जेजेत मग ती म्हात्र्यांची मंदिरगामिनी बघितली. गणपतराव म्हात्र्यांनी विद्यार्थी असताना, १८९६ च्या आसपास केलेली, प्लास्टरमधली, देवळाला निघालेली बाई. पुस्तकातल्या फोटोत बघून मला ती जरा गोडगोड वाटायची. समोर गेल्यावर पहिलं लक्ष गेलं ते नेसूच्या चुण्यांकडे. आम्ही कापडवाले, कापड कुठं ताणलं की कुठं सैल पडतं हे लहानपणापासून डोळ्यात बसलेलं, आणि या माणसाने प्लास्टरमधे कापडाचं वजन दाखवलेलं. मी पप्पांना फोन करून सांगितलं, त्यांनी विचारलं किती काउंटचं वाटतं कापड, म्हणजे सूत किती बारीक. चेष्टा नव्हती ती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

डिग्री घेऊन सोलापूरला परत आले आणि कारखान्याच्या मागचं जुनं सूत गोदाम मागून घेतलं. लोकांना वाटतं मोठा स्टुडिओ वगैरे, वर पत्रा आहे आणि एप्रिलमधे बाहेर ४३ डिग्री असताना आत काय होतं ते मला विचारा. मातीकामाला सोलापूर म्हणजे शत्रू. रात्री नीट झाकून गेलं तरी सकाळी कानाची पाळी, नाकपुडी, जे जे पातळ ते आधी वाळतं आणि तडकतं. सगळे ओली गोणपाटं गुंडाळतात, मी आमचे सेकंडचे टॉवेल गुंडाळते, एक्स्पोर्टमधून रिजेक्ट झालेले. गोणपाटापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतात, फक्त त्यांच्या फासांची नक्षी मातीवर उठते म्हणून आत एक मलमल, मग टॉवेल, मग वरून प्लास्टिक. एकदा मलमल विसरले तर सकाळी आजोबांच्या गालावर अख्खं टेरी टॉवेलचं टेक्स्चर. पप्पा म्हणाले माल चांगला आहे, लूप एकसारखे आलेत.

घरात याला सगळे छंद म्हणतात. "तिला मूर्त्या करायचा छंद आहे." आत्याने लग्नाच्या बायोडेटात फाईन आर्ट्सच्या पुढे हळूच इंटिरियर असं घातलं, मी विचारलं तर म्हणाली अगं मूर्तीकार लिहिलं तर लोकांना वाटेल गणपतीचा स्टॉल लावतेस. बघायला आलेल्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि पटकन सोडला. प्लास्टरने कातडी फाटते, त्यात फायबरचं काम केलं की काचेचे बारीक तूस घुसतात आणि दोन दोन दिवस खाज जात नाही, दिसत काहीच नाही. मम्मी गाडीत म्हणाली निदान हँडक्रीम तरी लावायचंस गं.

पण हे चालतं, याने फार काही होत नाही. लागलं ते दुसरंच. मुंबईत माझं पहिलं प्रदर्शन झालं, ग्रुप शो होता, माझी पाच कामं होती त्यातली तीन गेली. मी इतकी खूष की सिद्धेश्वर एक्सप्रेसमधे रात्रभर झोपच नाही. मग वर्षभराने पप्पांबरोबर एका सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात गेले आणि तिथं टेबलावर माझं काम. एक छोटी बसलेली बाई होती ती, विडी वळणारी, ब्राँझमधली, मांडीवर सूप. आमच्या सोलापूरच्या किती घरांच्या दारात बसलेली असते तशी. तिच्या सुपात व्हिजिटिंग कार्ड ठेवलेली. खाली प्राईस स्टिकर तसाच. आणि ते काका कौतुकाने म्हणाले, तुझ्या पप्पांनी सांगितलं, म्हटलं आपल्या पोरीचं आहे, घेऊन टाकू. मी थँक्यू म्हणाले. पप्पांनी माझ्याकडे बघितलंच नाही. उरलेली दोन कुठल्या टेबलावर आहेत हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

तेव्हा एका सिनियरने मला गर्ट्रूड व्हिटनीबद्दल सांगितलं. १८७५ चा जन्म, न्यूयॉर्कच्या व्हँडरबिल्ट घराण्यातली, म्हणजे रेल्वे आणि जहाजांचा पैसा, त्याच्यापुढे आमचे टॉवेल म्हणजे किस झाड की पत्ती. ती शिल्पकार झाली आणि सुरुवातीला काम दाखवताना स्वतःचं नावच लावायची नाही, टोपणनाव घ्यायची, कारण नाव कळलं की काम बघायचं सोडून लोक घराणं बघणार. पुढे तिने वॉशिंग्टनमधलं टायटॅनिकचं स्मारक केलं, दोन्ही हात आडवे पसरून उभारलेला माणूस (सिनेमातली ती पोझ आठवली ना, पण हे त्याच्या कितीतरी आधीचं). आणि तिने जमवलेला अमेरिकन चित्रकारांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियमने फुकट घ्यायला नकार दिला तर बाईने स्वतःचंच म्युझियम काढलं, १९३१ साली उघडलं. बघा म्हणजे, नाव लपवायला पण आधी ते नाव असावं लागतं आणि नकार आला तर म्युझियम बांधायला पैसा असावा लागतो. मला तिचा राग पण येतो आणि ती आवडते पण.

मीपण केलं मग तसंच. एका स्पर्धेला मम्मीच्या माहेरच्या आडनावाने काम पाठवलं, पत्ता मैत्रिणीचा. रिजेक्ट झालं. पण खरं रिजेक्ट झालं! त्या दिवशी मी एकटीच गाडी काढून कुडल संगमला गेले. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर, हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीना मिळतात तिथं. शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे तिथं पण तो बघायला नाही, मी जाते ते बहुमुखी शिवलिंग बघायला. एका दगडात ३५९ मुखं, ओळीवर ओळ. सातवीच्या ट्रिपमधे मी मोजायला लागले होते आणि बाईंनी ओढून बसमधे घातलं. या वेळी निवांत बसून परत मोजली, दीडशेच्या आसपास हरवले, परत सुरू केलं, परत हरवले. मग भूक लागली, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती ती खाल्ली आणि परत आले. परत आल्यावर बरं वाटत होतं, का ते माहीत नाही, बहुतेक भाकरीमुळे.

आता आजोबांकडे येते. फोटोंवरून काम करत होते. घरात त्यांचे ढीगभर फोटो आहेत, स्टुडिओतला कोट घातलेला, कुठल्याशा सत्काराचा, पंच्याहत्तरीचा. सगळ्यात सरळ बघतायत, मान ताठ. तसंच केलं. मधे लोखंडी पाईपचा सांगाडा, वर डोक्यासाठी ॲल्युमिनियमच्या तारेची कडी, माती घसरू नये म्हणून तारेला लटकवलेल्या लाकडाच्या फुल्या ज्याला आम्ही बटरफ्लाय म्हणतो, त्याच्यावर माती. मागे एकदा बटरफ्लाय न घालता डोकं केलं होतं तर रात्रीत हनुवटी छातीला लागली होती, तेव्हापासून शहाणी झालेय. तीन आठवड्यात सगळं आलं, कपाळ, मिशी, ते कानावरचे केस. घरचे येऊन बघून गेले, मम्मीने डोळे पुसले, काकांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मला मात्र काहीतरी खटकत होतं, काय ते सापडत नव्हतं. मी नाक तीन वेळा बदललं.

मग जॉबर मामा आले. आमचे जुने जॉबर, म्हणजे माग लावून देणारे, दुरुस्त करणारे, आजोबांबरोबर पहिल्या चार मागांपासूनचे, आता रिटायर आहेत, पण महिन्यातून एकदा कारखान्यात येऊन चहा पिऊन जातात आणि नव्या मशीनना नावं ठेवतात. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी त्यांचं ते खास सोलापुरी मराठी. बराच वेळ बघत उभारले. मग म्हणाले, "ताई, हे मालक न्हाईत. हे फोटोतले आहेत."

मी म्हटलं म्हणजे काय ओ मामा.

"मालकाचा डावा कान गेलता की. मागाकडं डावी बाजू करून उभारायचे, बारा बारा तास. मग कोण बोलायला आलं की असं करायचे." आणि त्यांनी करून दाखवलं. तोंड जरासं डावीकडे, हनुवटी किंचित खाली, उजवा कान पुढं, आणि डोळे मात्र उजव्या कोपऱ्यात, बोलणाऱ्यावर.

अंगावर काटा आला हो. त्या सत्तरी ओलांडलेल्या, काळ्यासावळ्या, टक्कल पडलेल्या मामांच्या जागी एक क्षण आजोबा उभारले होते. आणि मला हे माहीत होतं! घरात सगळ्यांनाच माहीत होतं. जेवताना आजोबांच्या उजवीकडच्या खुर्चीसाठी आम्ही चुलत भावंडं भांडायचो, कारण तिथं बसलेल्याचंच सगळं त्यांना ऐकू जायचं आणि पैसे पण त्यालाच मिळायचे. काही मागायचं असलं की उजवीकडून जायचं, हे चालायला शिकतो तसं शिकलो होतो. पण कान गेलाय, मागामुळे गेलाय, असं कुणी कधी म्हटल्याचं आठवत नाही. आणि फोटोग्राफर तर प्रत्येक वेळी सांगणारच, सरळ बघा.

मान फिरवायची तर सांगाडा लोखंडाचा. मी डोकं धरून बसले, मामा खाली वाकून बघायला लागले, आत काय आहे विचारलं. म्हटलं अर्धा इंची पाईप, खाली आट्याने बसवलाय. मग काय, म्हणाले, आटा सोडायचा की. गळ्याभोवतीची माती तारेने कापून काढली, पाईप उघडा केला, मामांनी मेंटेनन्समधून पाईप पाना मागवला, मी दोन्ही हातांनी आजोबांचं डोकं धरलं आणि मामा पाना लावून म्हणाले, "पाव आटापण नको, थोडंच. हां. अजून जरा. हां हां, बास." वीसपंचवीस किलोचं डोकं कर्रकन फिरलं. गळा सगळा तडकला, उजव्या खांद्यावरून मातीचा एक मोठा लपका खाली पडला. मामा लांब जाऊन उभारले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले आता ऐकायलेत. मग चहा प्यायला निघून गेले.

पुढचे आठ दिवस मी गळा भरला. मान वळली की कानामागून गळ्याच्या खाचेकडे येणारा तो जाड स्नायू ताणून वर येतो, म्हाताऱ्या माणसाचा तर दोरीसारखा दिसतो, तो नीट केला. बुबुळं बुजवून परत उजवीकडे कोरली. नाकाला हातपण लावला नाही, नाक पहिल्यापासून बरोबरच होतं.

आणि मग घरचे बघायला आले. काका म्हणाले हे काय, मान वाकडी केलीस. मी सांगितलं. काका म्हणाले अगं ते खरं आहे पण पुतळा कसा रुबाबदार पाहिजे, चार पुतळा चौकात बघ आपल्या सोलापूरचे चार हुतात्मे कसे ताठ आहेत, उद्या बायर येतील, कलेक्टर येतील, म्हणतील मालक बहिरा होता. मी म्हटलं होते की. तर आत्या म्हणाली असं बोलू नये. मम्मी म्हणाली थोडी कमी करता येईल का. थोडी कमी! मी तोंड सुटेल म्हणून बाहेर गेले आणि वॉचमनशी क्रिकेटवर बोलत बसले. पप्पा काहीच बोलले नाहीत, फोन आला म्हणून निघून गेले. तेव्हापासून काम बंद. मी रोज सकाळ संध्याकाळ जाते, टॉवेल उघडते, पाणी मारते, परत गुंडाळते, एवढंच.

परवा रात्री पावणेअकराला पाणी मारत होते तर पप्पा आले. सेकंड शिफ्टची राऊंड मारून घरी निघाले असतील. खिशात हात, चपला बाहेर काढून आले, स्टुडिओत चपला कोण काढतं. मी टॉवेल नुकतेच सोडलेले, आजोबांच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं. पप्पा सरळ चालत आले आणि पुतळ्याच्या उजवीकडे जाऊन उभारले. तिथं उभारायला जागापण नीट नाही, प्लास्टरची बादली आणि स्टूल आहे, ते स्टूल सरकवून उभारले. मी पंप हातात धरून तशीच. पाच मिनिटं तरी गेली असतील, पलीकडून मागांचा आवाज येत होता.

मग म्हणाले, "किती किलो ब्राँझ लागंल?"

मी म्हटलं सत्तर ऐंशी. तांबं ८५ टक्के, बाकी कथील, जस्त, शिसं पाच पाच.

"तांब्याचा भाव बघितलास का?"

म्हटलं बघितलाय. हूं म्हणाले आणि गेले. चपला घालायचा आवाज आला, मग गाडीचा.

होकार नाही हा, मला माहितीये. काकांचं तर अजून तेच चाललंय, काल जेवताना परत म्हणाले ताठ ताठ. पण मी प्लास्टरची ऑर्डर देऊन टाकली, सोमवारी गोण्या येतायत, साचा घ्यायला सुरुवात करणार. साच्याच्या पहिल्या थरात नीळ घालायची असते, कपड्याला घालतो तीच, म्हणजे नंतर छिन्नीने साचा फोडताना निळं दिसलं की कळतं आता खाली आपलं काम आहे, हात हळू. साचा घेतला की माती मोडते, मग मान सरळ करायची म्हटलं तरी करता येणार नाही.

दुकानदाराने फोनवर विचारलं बिल नेहमीसारखं कारखान्याच्या नावावर करू का. मी म्हटलं नाही, माझ्या. तर म्हणाला जीएसटी नंबर सांगा तुमचा. तो नाहीये माझ्याकडे, सहा वर्षांत कधी लागलाच नाही. उद्या सीएकडे जायचंय.